निळ्या रेषेची म्हैस

शेवंता आजारी आहे, असं सगळं गाव म्हणत होतं. कबूल नव्हतं ते फक्त शेवंताला.

दूधसोसायटीच्या मागच्या बंद गोठ्यात तिला एकटीला कोंडलं होतं आणि ती मजेत वैरण ओढत होती. पेंडीची पाटी तिनं चाटूनपुसून साफ केली होती, पाण्याची बादली लाथेनं आडवी केली होती, आणि मी खिडकीत दिसल्यावर अशी काही रेकली की पत्र्यावरचे कावळे उडाले. आता तुम्हीच सांगा, ही काय आजारी म्हशीची लक्षणं आहेत?

पण ऐकणार कोण? दारावर पाटी लागली होती : 'संशयित जनावर. जवळ जाऊ नये.' आणि दुपारी चार वाजता तालुक्याच्या पशुरुग्णालयाची गाडी येऊन तिला घेऊन जाणार होती. परत कधी आणणार, ते काही सांगता येत नव्हतं. तेही कधी, तर ऐन पाडव्याच्या दिवशी! मला तर रडूच कोसळलं. मग राग आला. माझं नेहमी असंच होतं, आधी रडू, मग राग. आई म्हणते, राग आला की कादू कामाची.

कादू म्हणजे मी, कादंबरी मगदूम, इयत्ता सहावी, आंबेरवाडी. आमचं गाव कोल्हापूरच्या बाजूला आहे. गावचं दूध आता छोट्या बिनमाणशी विमानांतून शहरात जातं, पण दिवाळीच्या पाडव्याला म्हशींची मिरवणूक मात्र पूर्वीसारखीच निघते. म्हशींना सकाळी धुवायचं, तेलानं चकचकीत करायचं, गळ्यात कवड्यांच्या माळा घालायच्या, शिंगं रंगवायची आणि वाजतगाजत गावभर फिरवायचं. त्या दिवशी म्हशी अशा काही ऐटीत चालतात, की नवरी मुलगीसुद्धा फिकी पडेल.

आणि शिंगांच्या रंगाचा आमच्या गावात कायदा आहे. लिहिलेला नाही, पण सगळे पाळतात. प्रत्येक घराण्याचा रंग ठरलेला. मगदूमांचा निळा, पाटलांचा भगवा, खोतांचा पिवळा. काळ्या म्हशी लांबून सगळ्या सारख्याच दिसतात, पण शिंगं बघितली की शेंबडं पोरसुद्धा सांगेल कुणाची म्हैस ते. निळी शिंगं दिसली रे दिसली, की लोक म्हणणार, 'आली मगदूमांची शेवंता.'

घोटाळा झाला तो नेमका ह्यातूनच.

झालं असं, की महिन्यापूर्वी सोसायटीनं एक यंत्रमानव आणला. त्याचं खरं नाव भलतंच लांबलचक होतं. तो गावात आल्या आल्या गोठे मोजायला लागला, म्हशींच्या शेपट्या मोजायला लागला, पारावर बसलेल्या म्हाताऱ्यांच्या मिश्यासुद्धा त्यानं मोजल्या. शिवाय चालायचा असा, की सगळं गाव जणू ह्याच्याच मालकीचं. म्हणून लोकांनी त्याचं नाव ठेवलं मोजेपाटील. सोसायटीचे चेअरमन भुजगोंडा पाटील, म्हणजे आमचे आण्णा, ह्यांना ते फारसं आवडलं नाही. "एक पाटील असताना दुसरा कशाला?" असं ते चारचौघांत बोलूनही दाखवायचे.

मोजेपाटलानं पहिल्या तुकडीत बारा म्हशींच्या गळ्यात पट्टे बांधले. म्हैस रवंथ किती करते (म्हणजे आधी भराभर गिळलेली वैरण परत तोंडात आणून निवांत चघळत किती वेळ बसते), ते हा पट्टा मोजतो. रवंथ चांगला चालू असला की म्हैस ठणठणीत. रवंथ घटला की समजायचं, पोटात काहीतरी बिनसलंय. पहिला पट्टा शेवंताला बांधला. "आधी मगदूमांच्या म्हशीला बांधा. काय झालं तर तिला होऊ दे," असं आण्णाच म्हणाले होते. त्यांच्या लाडक्या राजलक्ष्मीला त्यांनी सात म्हशींचं बरं चाललंय बघून मगच पट्टा बांधू दिला.

ह्या सगळ्या आकड्यांचा मोजेपाटील एक आलेख (आकड्यांचं चित्र) काढायचा आणि सोसायटीच्या भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर दाखवायचा. आडव्या रेघेवर वेळ, उभ्या रेघेवर रवंथ. प्रत्येक म्हशीची एक रेषा. रेषा वर गेली तर छान, खाली आली तर काळजी. कोपऱ्यात एक सूची असायची (कुठल्या रंगाची रेषा कुणाची, हे सांगणारी नावांची यादी), पण ती वाचायच्या भानगडीत कोण पडतंय?

पाडव्याच्या सकाळी आण्णा नवा फेटा बांधून पडद्यासमोर आले आणि ओरडलेच, "अरं, ती निळी बघा! निळी पार खाली आलीया!"

सगळे धावले. खरंच, एक निळी रेषा आदल्या रात्रीपासून घसरत घसरत पार तळाला आली होती. निळी म्हटल्यावर गावाला दुसरं काही सुचणार होतं का?

"निळी म्हणजे मगदूमांची," कुणीतरी म्हणालं.

आण्णांनी मोजेपाटलाला विचारलं, "काय रे, शेवंताची रेष निळीच न्हवं?"

"होय. शेवंताची रेषा निळी आहे," मोजेपाटील म्हणाला.

संपलं! मागच्या वर्षी तालुक्यात गुरांची साथ आली होती, तेव्हापासून नियम कडक झालाय. आजारी जनावर दिसलं की वेगळं ठेवायचं आणि गाडी बोलवायची. माझ्या डोळ्यांदेखत शेवंताला नेऊन कोंडलं. तिची अर्धी शिंगं रंगवायची राहिली होती. अप्पा, म्हणजे माझे वडील, आधीच मवाळ. ते म्हणाले, "आकडा खोटं बोलत नसतो पोरी. जाऊ दे." पण बोलताना त्यांनी तोंड दुसरीकडे केलं, ते मला कळलं.

मी रंगाचा ब्रश हातात घेऊन तशीच पडद्यासमोर जाऊन उभी राहिले. बारा रेषा एकमेकींत अशा गुंतल्या होत्या, की ताटात शेवया सांडल्यासारखं दिसत होतं. मी स्टुलावर चढले आणि खालच्या टोकाला बोट ठेवून निळी रेषा उलट्या बाजूनं, म्हणजे आजपासून कालकडे, हळूहळू शोधत गेले. हिरवीच्या खालून, लालच्या वरून, पुन्हा एकदा हिरवीच्या खालून... आणि मध्येच मला दिसली आणखी एक निळी! अगदी वर, झकास, मजेत चाललेली.

आता ह्याचा अर्थ काय? शेवंता एकाच वेळी रवंथ करतेय आणि करतही नाहीये? एका म्हशीला दोन रेषा कशा?

"मोजेपाटील!" मी हाक मारली. "इकडं ये आधी."

तो डुलत डुलत आला. "नमस्कार कुमारी मगदूम. आपण स्टुलावर उभ्या आहात. पडण्याची शक्यता आहे."

"ती वरची निळी रेषा कुणाची?"

"शेवंताची."

"आणि ही खालची निळी?"

"राजलक्ष्मीची."

मी खरंच स्टुलावरून पडले.

"शक्यता मी आधीच वर्तवली होती," मोजेपाटील म्हणाला.

"गप! अरे, मग सकाळी हे सांगितलं का नाहीस?"

"सकाळी मला विचारण्यात आले, की शेवंताची रेषा निळी आहे का. ती आहे. राजलक्ष्मीची रेषा निळी आहे का, हे मला कुणीही विचारले नाही."

डोक्याला हात लावायची वेळ आली. पण ह्याच्यावर चिडून उपयोग नव्हता. मी गुडघा चोळत विचारलं, "दोघींना एकच रंग दिलास कशाला? तुझ्याकडचे रंग संपले होते का?"

"होय," तो शांतपणे म्हणाला. "संपले होते."

मग त्यानं मला जे समजावलं, ते तुम्हालाही सांगते, कारण हा घोटाळा उद्या तुमच्याही वहीत होऊ शकतो.

मोजेपाटलाला आलेख काढायचा हुकूम मिळाला होता, पण कुठली रेषा कशी काढायची ते कुणीच सांगितलं नव्हतं. अशा वेळी यंत्र त्याच्या डीफॉल्टनं चालतं (डीफॉल्ट म्हणजे आपण काहीच सांगितलं नाही, तर यंत्र आपणहून जे करतं ते). मोजेपाटलाच्या डीफॉल्टमध्ये सात रंग होते, एका ठरलेल्या क्रमानं. निळा, नारिंगी, हिरवा, लाल, जांभळा, तपकिरी, गुलाबी. पहिल्या म्हशीला निळा, दुसरीला नारिंगी, असं करत सातवीला गुलाबी.

"आणि आठवीला?" मी विचारलं.

"पुन्हा पहिल्यापासून. आठवीला निळा."

"म्हणजे आठवड्याच्या वारांसारखं? रविवार झाला की परत सोमवार?"

"उत्तम उदाहरण. ह्याला चक्र म्हणतात. चक्र कधीच संपत नाही, म्हणून मीही कधी अडत नाही. आपण हजार म्हशी द्या, मी हजार रेषा काढीन."

"काढशील रे बाबा, पण ओळखायच्या कुणी?"

"तो प्रश्न माझ्या डीफॉल्टमध्ये नाही," तो म्हणाला.

शेवंता पहिली, म्हणून निळी. राजलक्ष्मी आठवी, म्हणून तीही निळी. सात म्हशींपर्यंत सगळं ठीक चाललं असतं, आठवी आली आणि गाडं बिघडलं. म्हणजे आजारी होती ती आण्णांची राजलक्ष्मी, सगळ्या मिरवणुकीच्या पुढं चालणारी, भगव्या शिंगांची! आणि ती बिचारी तिकडं गोठ्यात तशीच उभी होती, आणि औषधाचं नावसुद्धा कुणी काढत नव्हतं.

मी धूम ठोकली ती थेट आण्णांच्या दारात.

आण्णा राजलक्ष्मीच्या गळ्यात घुंगरांचा पट्टा बांधत होते. मी धापा टाकत सगळं सांगितलं. आण्णांचा चेहरा हळूहळू त्यांच्या फेट्याइतका लाल झाला.

"माझी राजलक्ष्मी आजारी? अगं ए पोरी, डोकं ठिकाणावर हाय का तुझं? बघ की कशी उभी हाय, राणीसारखी!"

खरं तर ती जरा जास्तच राणीसारखी उभी होती. हलत नव्हती, बोलत नव्हती, समोरच्या हिरव्यागार वैरणीकडे ढुंकूनही बघत नव्हती.

"आण्णा, ती खात का नाहीये?"

"पोट भरलंय तिचं! रात्री जेवलीया चांगली." मग ते एकदम गरजले, "स्वतःची म्हैस सोडवायला दुसऱ्याच्या म्हशीवर ढकलतीस? व्हय गं? मला पडद्यावर दाखव. माझ्या डोळ्यांना दिसलं तर मानीन. न्हाईतर चार वाजता गाडी येईल आणि शेवंता जाईल, सांगून ठेवतो."

साडेतीन वाजत आले होते. मी परत धावले. वाटेत अप्पांना हाताला धरून ओढतच नेलं.

"मोजेपाटील, आलेख नव्यानं काढ! प्रत्येक म्हशीची रेषा वेगळी दिसली पाहिजे."

"आज्ञा," तो म्हणाला, आणि पडद्यावर बारा वेगवेगळे रंग उमटले. पण काय ते रंग! हिरवा, पोपटी, शेवाळी, कैरीसारखा, आणि कैरी जरा पिकल्यावर होतो तसा. जवळून बघितलं तरी डोळे फिरत होते, मग लांबून काय कप्पाळ कळणार? निळा आणि त्याच्या शेजारचा 'किंचित अधिक निळा' ह्यांतला फरक तर मोजेपाटलालाच ठाऊक.

अप्पा डोळे बारीक करून म्हणाले, "कादू, ह्यातली लाल कुठली नि हिरवी कुठली?"

हे मी विसरलेच होते. अप्पांना लाल आणि हिरवा सारखेच दिसतात. ह्याला रंगांधत्व म्हणतात (डोळ्यांना काही रंगांतला फरक न कळणं). एकदा त्यांनी निळी आणि पिवळी शिंगं सोडून बाकी सगळ्या गल्लीचे रंग चुकवले होते, पण ते जाऊ दे. मुद्दा असा, की नुसत्या रंगावर सगळी भिस्त ठेवली, तर अप्पांसारख्या माणसांनी आलेख वाचायचाच नाही की काय? आणि उद्या हाच आलेख काळ्या शाईत छापला तर? सगळ्याच रेषा काळ्या!

मी कपाळाला हात लावायला गेले, तर हातातल्या ब्रशचा निळा रंग कपाळभर झाला. आणि त्या ब्रशकडे बघतानाच माझ्या डोक्यात उजेड पडला.

"अप्पा! आपला आणि धाकट्या काकांचा रंग एकच ना? दोघांचाही मगदुमी निळा?"

"व्हय की. घर एक, रंग एक."

"मग आपली म्हैस आणि काकांची म्हैस लोक कशी ओळखतात?"

"त्यात काय अवघड? आपला निळा सलग. काकांच्या निळ्यावर पांढरे पट्टे. आणि सांगलीला गेलेल्या चुलत्यांच्या निळ्यावर ठिपके असायचे."

बघितलंत? रंग संपले म्हणून आमच्या गावात कुणी कपाळ बडवत बसलं नाही. भावाभावांची घरं वेगळी झाली, तेव्हा रंग तोच ठेवला आणि नक्षी बदलली. मोजेपाटलाला एवढंच तर शिकवायचं होतं!

"ऐक," मी त्याला म्हणाले. "पहिल्या सात म्हशींना तुझे सात रंग दे, सलग रेषेत. रंगांचं चक्र संपून परत निळ्यावर आलास, की रेषेची जात बदल. आठवीची निळी तुटक काढ, तुकड्या-तुकड्यांची."

"समजले. तुटक रेषांचे सात रंग संपल्यावर?"

"ठिपक्यांची काढ. मग एक तुकडा एक ठिपका, तुकडा, ठिपका, अशी."

"सात रंग आणि चार प्रकारच्या रेषा," तो म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांतले दिवे लुकलुकले. "सात चोक अठ्ठावीस. अठ्ठावीस म्हशी ओळखता येतील. कुमारी मगदूम, रंग न वाढवता म्हशी वाढल्या!"

"आणि अप्पांसाठी रेषेवर खुणा पण कर. कुणाला गोल, कुणाला चौकोन, कुणाला त्रिकोण, कुणाला फुली. एका रंगाच्या किंवा अप्पांना सारख्या दिसणाऱ्या रंगांच्या दोन म्हशींना एकच खूण द्यायची नाही. शेवंताला गोल दे, राजलक्ष्मीला त्रिकोण. म्हणजे रंग नाही कळला तरी आकार कळेल."

"आज्ञा."

पडद्यावर आलेख उमटला आणि अप्पा दोन पावलं मागे सरले. रेषा कसल्या, सुरवंटच सुरवंट! लठ्ठ, केसाळ, पडदाभर वळवळणारे.

"हे काय केलंस?"

"पट्टा दर मिनिटाला एक आकडा पाठवतो. मी प्रत्येक आकड्यावर एक खूण केली. त्रिकोण त्रिकोणावर चढले आहेत."

"अरे शहाण्या! शिंगावर ठिपके काढताना आपण शिंगभर फासतो का? मधे जागा सोडतो ना? दर दोन तासांनी एकच खूण कर. बाकी नुसती रेषा."

तेवढ्यात फाटकातून भोंगा ऐकू आला. गाडी आली होती. पांढरी, लांब, मागून उतरती फळी असलेली. त्यातून डॉक्टर नसीमा तांबोळी उतरल्या. त्यांच्या मागून आण्णाही आले, हातात शेवंताच्या गोठ्याची किल्ली घेऊन.

"आण्णा, आधी पडदा बघा! एकदाच बघा!"

आण्णांनी मान वर केली. आता आलेख असा स्वच्छ दिसत होता, की मिरवणुकीतल्या म्हशी एकामागून एक ओळखाव्यात. वर चालली होती सलग निळी, तिच्यावर ऐसपैस अंतरावर गोल गोल खुणा. सूचीत तिच्यापुढं नाव होतं शेवंता. आणि तळाला लागली होती तुटक निळी, तिच्यावर त्रिकोण. आण्णांनी ओठ हलवत सूची वाचली. वरून खालपर्यंत, पूर्ण. त्रिकोणापुढचं नाव वाचलं. मग खिशातून चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला आणि परत वाचलं.

किल्ली त्यांच्या हातातून खाली पडली.

"चेअरमनसाहेब," डॉक्टरांनी हळूच विचारलं, "काल रात्री राजलक्ष्मीला खायला काय दिलं होतंत?"

"काय न्हाई ओ... सणासुदीचं... थोडंसं फराळाचं."

"थोडंसं म्हणजे?"

आण्णांनी मान खाली घातली. "करंज्या. आणि लाडू. तिला आवडत्यात ओ, हातातनं घेतीया लहान पोरासारखी... एक परात."

"परात?"

"मोठी," आण्णा पुटपुटले.

डॉक्टर धावतच सुटल्या. आम्ही सगळे त्यांच्या मागं. राजलक्ष्मीचं पोट एका बाजूनं टणक झालं होतं. डॉक्टरांनी कान लावला, हातानं दाबून बघितलं आणि पटापट औषधं काढून पाजली. "ही साथ नाही, नुसतं अपचन आहे," त्या म्हणाल्या. "पण म्हशीच्या पोटात एकदम एवढं गोड आणि मैदा गेला, की सगळं आंबतं. आणखी उशीर झाला असता, तर हातात काही राहिलं नसतं. आता औषध पोटात गेलंय, आता वाट बघायची."

आण्णा राजलक्ष्मीच्या गळ्याला मिठी मारून रडायला लागले. एवढा मोठा माणूस, ढसाढसा! मला सकाळपासून त्यांचा राग होता, पण खोटं कशाला बोलू, तिथं उभं राहून मलाही रडू आलं. आपलं जनावर हातचं जातंय की काय, ही भीती किती वाईट असते, ते त्या दिवशी माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

"पोरी," आण्णा नाक पुसत म्हणाले, "ती किल्ली पडद्यासमोरच पडलीया बघ. जा, शेवंताला बाहेर काढ. मिरवणुकीच्या पुढं आज ती चालंल."

शेवंता बाहेर आली ती अर्ध्या रंगवलेल्या शिंगांनीच. एक निळं, एक काळं. पूर्ण करायला वेळ नव्हता आणि तिला त्याचं काही सोयरसुतकही नव्हतं. हलगी कडाडली, घुंगरं वाजायला लागली आणि मिरवणूक निघाली. आण्णा मात्र आले नाहीत. ते गोठ्यातच बसून राहिले.

मोजेपाटील माझ्या शेजारून चालत होता. "कुमारी मगदूम, एक शंका. शेजारची चार गावे म्हणतात, आमच्याही म्हशींना पट्टे बांधा. चारशे म्हशी होतील. रंग, रेषा आणि खुणा मिळूनही पडद्यावर गर्दी होईल."

मी जरा विचार केला. "मग सगळ्या एकदम कशाला रंगवतोस? सगळ्या फिक्या राखाडी काढ. ज्या म्हशीची काळजी आहे, तेवढीच ठळक रंगवून दाखव. आज इतक्या म्हशी आहेत, पण आपल्या सगळ्यांचं लक्ष कुठं आहे?"

"राजलक्ष्मीकडे," मोजेपाटील लगेच म्हणाला. मग त्यानं विचारलं, "मी हे माझ्या डीफॉल्टमध्ये घालू का?"

"घाल की! आणि पाऊस, विहिरींचं पाणी, शाळेतल्या पोरांची उंची, काय काय मोजशील त्या सगळ्याला घाल."

मिरवणूक सोसायटीसमोर आली आणि आपोआप थांबली. हलगी वाजवणाऱ्यांचे हात थांबले. सगळं गाव मान वर करून पडद्याकडे बघत होतं. तुटक निळी रेषा तळाला आडवी पडली होती. म्हशीसुद्धा गप्प होत्या.

मग रेषेचं टोक हललं. जरासंच. मला वाटलं भास झाला. पुन्हा हललं, वर. आणि आणखी वर. पुढचा त्रिकोण आधीच्या त्रिकोणापेक्षा उंचावर बसला.

"चढली!" अप्पा ओरडले. "त्रिकोणवाली चढली रे!"

"तुटक निळी चढली!" खोतांची आजी ओरडली. आणि मग सगळी गल्लीच नाचायला लागली. महिनाभर ज्यांनी सूचीकडे ढुंकून बघितलं नव्हतं, ती माणसं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून तुटक रेषेबद्दल बोलत होती.

तेवढ्यात आण्णांच्या वाड्याकडून कुणीतरी धावत येताना दिसलं. आण्णाच होते. डोळ्यांत पाणी, तोंडभर हसू, आणि डोक्यावर फेट्याचा जेमतेम अर्धा तुकडा. उरलेली लांब शेपटी मागं मातीत लोळत होती, ओली आणि चघळलेली.

"आण्णा, रेषा वर आली!" मी ओरडले. "राजलक्ष्मी रवंथ करतेय!"

"मला काय सांगतीस!" आण्णांना धाप लागली होती. "खांद्यावर डोकं ठिवलं तिनं, म्हटलं मया करतीया... तर माझा फेटाच चावायला लागली की गं!"

सगळे पोट धरून हसायला लागले. मोजेपाटील तेवढा गंभीर होता. त्यानं फेट्याचं ओलं टोक उचललं, मापलं आणि म्हणाला, "चेअरमनसाहेब, फेटा चघळणे हे रवंथात धरायचे की नाही, याविषयी मला कुणाचीही सूचना नाही."

आण्णांनी डोळे पुसले आणि पहिल्यांदाच त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"धर कशातबी, मोजेपाटील," ते म्हणाले. "पण रेष तिचीच काढ."